चार अक्षरांत मावलेलं शिवार

वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात माघात गेलं की घराच्या कुडाला लावून रचलेले तुराट्यांचे भारे दिसतात. तूर झोडपून दाणा घरात आला की उरलेली वाळकी झाडं जळणाला. गॅसची शेगडी आली तरी आंघोळीचं पाणी आणि पंगतीचं वरण अजून पुष्कळ घरी चुलीवरच होतं. वर गंजात तुरीची डाळ रटरटत असते आणि खाली तुरीचीच काडी जळत असते. रोजचंच दृश्य, त्यात पाहण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटत नाही. चिनी भाषेनं मात्र नेमकं हेच दृश्य पाहिलं आणि चार अक्षरांत बसवलं: चू तौ रान छी. शिजवणं, दाणे, जाळणं, देठ. दाणे शिजवायचे ते त्याच झाडाचे देठ जाळून.

मंदारिन शिकणाऱ्याला हा वाक्प्रचार पुस्तकात भेटतो तेव्हा शेजारी अर्थ छापलेला असतो: भावानं भावाच्या जिवावर उठणं. आपल्या शब्दात सांगायचं तर भाऊबंदकी. अर्थ पाठ होतो, परीक्षेत गुणही मिळतात, पण हाती लागतं ते टरफल. दाण्यापर्यंत पोचायला त्या चुलीपुढं बसावं लागतं, आणि वाशीमच्या माणसाला त्यासाठी दूर जायची गरज नाही.

गोष्ट तिसऱ्या शतकातली. त्साओ त्साओ हा बलाढ्य सेनापती वारला आणि इ.स. 220 मध्ये त्याचा मुलगा त्साओ फी सम्राट झाला. धाकटा भाऊ त्साओ ची हा त्या काळचा श्रेष्ठ कवी, शिवाय एके काळचा बापाचा लाडका, म्हणून सम्राटाच्या डोळ्यांत सलणारा. सम्राटानं त्याला फर्मावलं की सात पावलं चालून होईपर्यंत कविता रच, नाहीतर मरायला तयार हो. धाकट्यानं पावलं टाकली आणि कविता म्हटली. तिच्यात भाऊ नाही, राजा नाही, तलवार नाही. चुलीवर ठेवलेलं भांडं आहे, त्यात शिजणारे दाणे आहेत, खाली पेटलेले देठ आहेत आणि शेवटी दाण्यांच्या बाजूनं विचारलेला एक प्रश्न आहे: आपण एकाच मुळातून आलो, मग मला शिजवायची एवढी घाई का? ती ऐकून सम्राट शरमला, एवढं सांगून कथा थांबते. पाचव्या शतकात संकलित झालेल्या किस्से-आख्यायिकांच्या एका प्रसिद्ध ग्रंथात ती आली आहे. कविता खरोखर त्साओ चीचीच का, याविषयी अभ्यासक साशंक आहेत. मला ती शंका रसाच्या आड येताना दिसत नाही. कुणीही रचली असो, रचणाऱ्यानं चूल जवळून पाहिली होती.

वाक्प्रचारानं या कवितेतून काय ठेवलं आणि काय टाकलं? दाण्यांचं रडणं टाकलं. शेवटचा प्रश्न टाकला. सात पावलं टाकली; ती दुसऱ्या एका वाक्प्रचारात गेली आणि शीघ्रकवीच्या प्रतिभेला तिथं ‘सात पावलांची प्रतिभा’ असं नाव मिळालं. इथं उरली दोन क्रियापदं आणि दोन नामं. कर्ता नाही. कोण शिजवतंय, कोण जाळतंय, काही सांगितलेलं नाही, आणि सांगता येणारही नव्हतं. ज्याच्यापुढं मान झुकवून उभं राहायचं त्यालाच ‘तू जाळतोस’ म्हणण्याची सोय धाकट्या भावाला कुठं होती? कर्ता गाळण्यातच त्याचा बचाव होता आणि त्यातच कवितेची ताकदही आली. बोट कुणाकडेच दाखवलं नाही, म्हणून ज्याला लागायचं त्याला ते लागलं.

आपल्याला इथं ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ आठवते, आणि आठवायलाच हवी. अर्थानं दोन्ही सख्ख्या बहिणी. पण शेजारी ठेवून पाहा. आपल्या म्हणीत दांडा आरोपी आहे. झाड पडतं, दांडा शाबूत राहतो, उद्या दुसऱ्या झाडावर पडायला मोकळा. म्हणीचा सूर निवाड्याचा आहे. ‘काळ’ हा शब्द अगदी शेवटी येतो आणि दांड्यावर कायमचा शिक्का बसतो. चिनी चार अक्षरांत जाळणारा शाबूत राहत नाही. दाणा शिजेपर्यंत देठाची राख झालेली असते. ज्या बाईनं चूल सारली आहे तिला हे पुस्तकाशिवाय कळतं. तुराटी भडकन पेटते, तडतडते आणि पाहता पाहता संपते, बाभळीच्या लाकडासारखी निखारा धरून बसत नाही. गंजभर डाळीला कवळभर तुराट्या लागतात आणि चुलीपुढून उठता येत नाही, एकसारखं सारत राहावं लागतं. डाळ शिजून माणसाच्या पोटात जाते, काडीचं काहीच उरत नाही. इतिहासातही तसंच घडलं. त्साओ फी सहा वर्षं राज्य करून 226 मध्ये वारला. धाकटा त्याच्यामागं आणखी सहा वर्षं जगला. म्हणून हा वाक्प्रचार मला रागाचा वाटत नाही, करुणरसाचा वाटतो, आणि त्यातली करुणा जाळणाऱ्यालाही वगळत नाही.

आणखी एक जवळचा धागा. चीनच्या शेतांतलं जुनं कडधान्य म्हणजे सोयाबीन, आणि आज वाशीमचं खरीप म्हणजेही सोयाबीनच. तासातासांनी मध्ये तूर. सोयाबीनचं कुटार जनावरांच्या पुढ्यात जातं आणि तुराट्या चुलीत. पीक तिथून आलं आणि वाक्प्रचार उलगडणारी चूल इथं आयतीच होती.

हा दाण्यांचा प्रश्न चिनी माणसाच्या मनात किती ताजा आहे हे जानेवारी 1941 मध्ये दिसलं. जपानविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढायचं ठरलेलं असताना च्यांग कै-शेकच्या सैन्यानं कम्युनिस्टांच्या ‘नव्या चौथ्या सेने’वर हल्ला केला. कम्युनिस्ट नेते चौ एन-लाय यांनी निषेधाच्या मोजक्या ओळी लिहिल्या आणि शेवट केला तो त्या जुन्या प्रश्नातल्या शब्दांनी. सतराशे वर्षांपूर्वीची चूल, पण वाचणाऱ्याला टीप द्यावी लागली नाही. त्याच महिन्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उत्तर चीनमधल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. 1938 मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस चिनी शिकले, चिनीतून शिकवू लागले, तिथलीच सहचारिणी केली आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथंच वारले. दाणे एका मुळाचे नसले तरी एका भांड्यात शिजू शकतात, हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलं नाही.

अशा वाक्प्रचारांना चिनीत छंग-यू म्हणतात. बहुतेक चार अक्षरांचे, जुन्या अभिजात भाषेच्या व्याकरणात घट्ट बसलेले, आणि पुष्कळांच्या मागं एखादी गोष्ट. चिनी मुलं ती गोष्ट शाळेतच ऐकतात, त्यामुळं मोठेपणी चार अक्षरं कानावर पडली की बाकीचं आपोआप उभं राहतं. शिकणाऱ्या परक्याला ते चालताबोलता होत नाही. तरी मराठी माणसाला दोन सोयी आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. मंदारिनमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला श्वासाचा फरक शब्दाचा अर्थ बदलतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो पकडताना घाम फुटतो. आपण तो बाराखडी घोकतानाच पक्का केलेला असतो. ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चांगला’तला च वेगळा, हेही मराठी जिभेला सांगावं लागत नाही, आणि चिनीतही च-वर्गाचे असे भेद आहेत. सूर मात्र देवनागरीत उतरवता येत नाहीत, ते कानानंच घ्यावे लागतात. आजच्या मंदारिनमध्ये ‘चू तौ रान छी’ म्हणून पाहा: ‘चू’ खाली दबतो, ‘तौ’ वरून खाली पडतो, आणि ‘रान’ व ‘छी’ दोन्ही वर चढतात. भांड्यातले दाणे खाली आणि जाळ वर. योगायोगच, पण म्हणताना तो सुख देतो.

आता चुलीपुढून उठून शेतात जाऊ. मेंग-त्झ हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला विचारवंत, कन्फ्यूशियसच्या परंपरेतला. त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला रोपं वाढत नाहीत म्हणून घोर लागला. तो शेतात गेला आणि एकेक रोप धरून थोडं थोडं वर ओढत गेला. संध्याकाळी घरी आला तो पार गळून, आणि घरच्यांना सांगितलं की आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली. हे ऐकताच मुलगा शेताकडं धावला. जाऊन पाहतो तर सगळी रोपं सुकलेली. यातून चार अक्षरं निघाली: या म्याओ चू चांग. बोलण्यात पहिल्या अक्षराऐवजी ‘पा’ जास्त ऐकू येतं. ओढणं, रोप, मदत, वाढ.

या चारांची मांडणी पाहा. पहिल्या दोन अक्षरांत त्यानं केलं काय ते आहे. पुढच्या दोन अक्षरांत आपण केलं काय असं त्याला वाटलं ते आहे. मध्ये ‘पण’ नाही, ‘म्हणून’ नाही. त्याच्या मनात या दोन्हींमध्ये काही अंतरच नव्हतं, म्हणून वाक्प्रचारातही ते ठेवलेलं नाही. शेवटची दोन अक्षरं त्याच्या स्वतःच्या तोंडची आहेत, आणि तीच वाचताना गलबलून येतं. हा माणूस आळशी नाही. लबाड नाही. दिवसभर कंबर वाकवून खपला आहे. शेतावर त्याचं प्रेम आहे आणि त्या प्रेमानंच शेत मारलं.

मुलाच्या धावण्यात तर सगळी गोष्टच आहे. बाप ‘मदत’ म्हणाला आणि पोराला क्षणात कळलं. तो बापाशी वाद घालत नाही, दोष देत नाही, नुसता धावतो. म्हणजे त्या घरात शेती कळणारं कुणी होतं, आणि ते पोर होतं. छंग-यूनं हा मुलगा गाळला आहे. चार अक्षरांत त्याला जागा नव्हती हे खरं, पण वाचणाऱ्यानं तो परत आणावा असं मला फार वाटतं.

गोष्टीनंतर मेंग-त्झ जे सांगतो तेही वाक्प्रचारात आलेलं नाही. रोपं ओढत नाहीत अशी माणसं जगात थोडीच, असं तो म्हणतो. आणि लगेच दुसऱ्या टोकाकडं वळतो: काही जण उपयोग नाही म्हणून सोडून देतात, ते रोपांचं निंदणसुद्धा करत नाहीत. म्हणजे त्याच्या मनात दोन चुका होत्या, आणि दोहोंच्या मध्ये निंदण होतं. हे वाशीमच्या शेतकऱ्याला उलगडून सांगायला नको. मृगात पेरणी होते, पाऊस ओढ देतो, कोंब बोटभर येऊन तिथंच थांबतात, दुबार पेरणीची धास्ती बसते. माणूस रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन उभा राहतो. त्या वेळी हातांना काहीतरी करावंसं वाटतंच. डवरा चालतो, बाया निंदायला बसतात, आणि या सगळ्या कामात हात लागतो तो मातीला आणि तणाला. रोपाला नाही. मेंग-त्झ बोलत होता ते माणसाच्या अंगातलं नैतिक बळ कसं वाढतं याबद्दल, ते जबरदस्तीनं वाढवता येत नाही आणि वाऱ्यावरही सोडता येत नाही याबद्दल. पण दाखला त्यानं निवडला तो शेतातला, आणि शेतकऱ्याच्या चुकीचं दुःख ज्याला माहीत आहे त्यालाच तो निवडता येतो.

चीनमध्ये आज हा वाक्प्रचार सर्वांत जास्त ऐकू येतो तो मुलांच्या शिक्षणाबाबत. चार वर्षांच्या पोराला गणिताचा क्लास लावला की आजी म्हणते, पा म्याओ चू चांग. आपल्याकडं सहावीतल्या मुलाला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा पाया म्हणून घरापासून लांब ठेवणारे आईबाप आहेत. ते वाईट नाहीत, संध्याकाळी दमूनच घरी येतात.

त्याच सुंग राज्यातला आणखी एक शेतकरी छंग-यूत अमर झाला आहे. त्याच्या शेतात एक खुंट होता; धावत आलेला ससा त्यावर आपटून मेला; तेव्हापासून नांगर टाकून तो खुंटापाशी दुसऱ्या सशाची वाट पाहत बसला. शोउ चू ताय थू: खुंट राखून सशाची वाट पाहणं. मराठीत याचा अर्थ बहुधा ‘दे रे हरी खाटल्यावरी’ असा लावला जातो आणि तो चुकीचा नाही. पण ज्यानं ही गोष्ट लिहिली त्या हान फेइचं लक्ष्य आळशी शेतकरी नव्हताच. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात तो राजांना सांगत होता की जुन्या राजांना एकदा जे साधलं त्याच मार्गानं आजचं राज्य चालवू पाहाल तर तुम्हीही खुंटापाशी बसलेले आहात. मूळ गोष्ट आळसापेक्षा कितीतरी बोचरी आहे. दोन्ही मूर्ख सुंगचेच का, यालाही कारण आहे: सुंगचे राजे म्हणजे पाडाव झालेल्या शांग घराण्याचे वंशज, आणि हरलेल्यांच्या नावावर मूर्खपणा खपवायला शेजाऱ्यांना काही लागत नाही.

इथवरचं सगळं चीनच्या मातीतलं. पण काही छंग-यू या मुलखातून तिकडं गेले आहेत, आणि ते गेले त्या काळात वाशीम हे खेडं नव्हतं. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती, वत्सगुल्म. 1939 मध्ये इथं सापडलेल्या ताम्रपटात दुसऱ्या विंध्यशक्तीचं दानपत्र आहे, संस्कृत आणि प्राकृत अशा दोन भाषांत. जवळच्या हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखावर शक 380 म्हणजे इ.स. 458 हे वर्ष आहे. पुढं संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच नगरात, आणि मला या गावाचा याहून मोठा मान माहीत नाही. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. शेजारचं सतरावंही त्याच काळातलं.

वत्सगुल्मात वाकाटक नांदत असताना फा-श्येन हा चिनी भिक्षू उत्तर भारतात फिरत होता. तो 399 मध्ये चीनमधून निघाला होता. पाटलिपुत्रात त्याला महासांघिक या बौद्ध पंथाच्या विनयाची पोथी मिळाली आणि परतल्यावर त्यानं बुद्धभद्राच्या साथीनं 416 ते 418 या काळात तिचं चिनी भाषांतर केलं. भिक्षूंच्या नियमांच्या त्या भल्यामोठ्या ग्रंथात एक माकडांची गोष्ट आहे. काशीजवळच्या रानात पाचशे माकडं फिरत होती. एका वडाखाली विहीर होती, विहिरीत चंद्र दिसत होता. म्होरक्या म्हणाला, चंद्र मेला, विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं पाहिजे, नाहीतर जग कायमचं अंधारात राहील. मग त्यानं फांदी धरली, दुसऱ्यानं त्याची शेपटी, तिसऱ्यानं दुसऱ्याची. साखळी पाण्यापर्यंत पोचायच्या आत फांदी मोडली आणि सगळी विहिरीत पडली. यातून श्वेइ चुंग लाओ युए, पाण्यातून चंद्र उपसणं. अर्थ: निष्फळ खटपट.

अर्थ एवढाच घेतला तर माकडांवर अन्याय होतो. त्यांना चंद्र स्वतःसाठी नको होता. आपल्याकडचा बाळ राम चंद्रासाठी रडतो तो खेळायला हवा म्हणून, आणि आरशात दिसला की त्याचं समाधान होतं. माकडांचा चंद्र मेलेला आहे, त्यांना जगाच्या अंधाराची काळजी आहे. हेतू इतका उदात्त की त्यांना वर मान करून पाहायचं सुचलं नाही. वर पाहिलं असतं तर गोष्टच घडली नसती. फांदी कमकुवत होती हे खरं, पण चूक फांदीची नव्हती.

आता अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात जाऊ. तिथं महाकपि जातक रंगवलेलं आहे. त्यातही माकडं आहेत, म्होरक्या आहे, झाड आहे, खाली पाणी आहे. शिकारी राजानं झाड वेढलं तेव्हा म्होरक्यानं स्वतःचं शरीर नदीवर ताणून पूल केला आणि सारा कळप त्याच्या पाठीवरून पलीकडं गेला. चिनी विनयातला म्होरक्या म्हणजे पूर्वजन्मीचा देवदत्त, बुद्धाचा द्वेष्टा, अजिंठ्यातला म्होरक्या म्हणजे बोधिसत्त्व. दोघांनीही फांदीला धरून आपलं शरीर पुढं केलं. एकानं बाकीच्यांना आपल्याला लटकवलं, दुसऱ्यानं त्यांना आपल्यावरून जाऊ दिलं. वाशीमहून अजिंठ्याला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी त्या भिंतीपुढं ही चिनी गोष्ट जरूर सांगावी.

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. चिनीत ती मांग रन मो श्यांग, आंधळ्यांनी हत्ती चाचपणं. महापरिनिर्वाण सूत्राच्या धर्मक्षेमानं 421 मध्ये पुरं केलेल्या चिनी भाषांतरात आठ आंधळे आहेत, आणि ते काय काय म्हणतात ते सावकाश वाचण्यासारखं आहे. सुळा हाती लागला त्याला हत्ती मुळ्यासारखा वाटला. कान लागला त्याला सुपासारखा. डोकं लागलं त्याला दगडासारखा. सोंड मुसळासारखी, पाय उखळासारखा, पाठ बाजेसारखी, पोट रांजणासारखं, शेपटी दोरासारखी. वाचता वाचता हत्ती बाजूला राहतो आणि एक घर उभं राहतं. पडवीत बाज, कोपऱ्यात रांजण, उखळ-मुसळ, भिंतीला अडकवलेलं सूप, खुंटीला दोर. ज्याच्या हाताला आयुष्यभर जे लागलं तेच त्याला हत्तीत सापडलं. पाली उदानात हीच गोष्ट आहे, तिथं सूप-उखळ आहेतच, पण नांगराचा फाळही आहे, कणगी आहे, केरसुणी आहे. तिथले आंधळे म्हणजे शेतकरीच दिसतात, आणि ते शेवटी गुद्द्यांवर येतात.

चीनमध्ये हा वाक्प्रचार आज अर्धवट पाहून मत ठोकणाऱ्याला झापायला वापरतात. सूत्र इतकं कठोर नाही. आंधळ्यांनी सांगितलेलं एकेक म्हणजे हत्ती नव्हे, पण ती सगळी वगळली तर हत्ती म्हणून निराळं काही उरत नाही, असा तिथला भाव आहे. सूपवाला खोटं बोलत नव्हता. वाक्प्रचार होताना हा दुसरा अर्धा भाग गळाला, तो मला फार मोलाचा वाटतो.

या दोन भाषांमधली ये-जा आपल्याकडं काही जणांनी आयुष्य घालून तपासली. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पु. वि. बापट त्यांतले. विमुत्तिमग्ग हा ग्रंथ मूळ पालीत उरला नव्हता, चिनी भाषांतरात उरला होता. तो चिनीतून वाचून त्यांनी विसुद्धिमग्गाशी त्याची ताडून पाहिलेली तुलना 1937 मध्ये प्रसिद्ध केली. इथून गेलेलं तिथून परत आणायचं तर चिनी शिकण्यावाचून उपाय नव्हता.

शेवटचा छंग-यू कारंज्याच्या लोकांसाठी. कारंजा (लाड) हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, दत्तभक्तांचं क्षेत्र, आणि दत्ताचं झाड औदुंबर. उंबराला फूल दिसत नाही. असतं, पण फळाच्या आत. बारीक कीटक आत जाऊन परागीकरण करतात आणि बाहेरच्याला फक्त फळ दिसतं. म्हणून बऱ्याच दिवसांनी उगवलेल्या माणसाला आपण म्हणतो, अरे, तू तर उंबराचं फूल झालास! कुमारजीवानं 406 मध्ये केलेल्या सद्धर्मपुंडरीकाच्या चिनी भाषांतरात हीच प्रतिमा आहे: असा उपदेश उंबराच्या फुलाइतका दुर्मीळ. भाव थेट आपल्या म्हणण्याचाच. त्यातून निघालं थान ह्वा ई श्येन. ‘थान’ हा उदुंबराच्या चिनी उच्चाराचा उरलेला तुकडा, ‘ह्वा’ फूल, ‘ई’ एक, ‘श्येन’ प्रकट होणं.

पण ज्यांनी ते वाचलं त्या बहुतेकांनी उंबर पाहिलेलं नव्हतं. नाव उरलं, झाड नाही. पुढं अमेरिकेतून आलेल्या एका निवडुंगाला ते नाव चिकटलं. रात्री उमलतो, पहाटेला मिटतो, पांढरंशुभ्र मोठं फूल, घमघमाट. आपल्याकडं कुंडीत लावतात आणि ब्रह्मकमळ म्हणतात तेच हे; हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळं. फूल बदललं तसा भर सरकला. सूत्रातला भर होता ‘क्वचित दिसतं’ यावर. आजच्या चिनीत भर आहे ‘दिसलं आणि लगेच गेलं’ यावर. एका गाण्यानं गाजून हरवलेल्या गायकाला, दोन वर्षांत बुडालेल्या कंपनीला थान ह्वा ई श्येन म्हणतात. सूत्राचा जुना भाव चीनमध्ये पोथीत राहिला आणि आपल्याकडं ओसरीवर, आल्यागेल्याच्या थट्टेत.

तेव्हा मंदारिन शिकणाऱ्या कारंजेकरानं फार दिवसांनी भेटलेल्या चिनी मित्राला कौतुकानं हा वाक्प्रचार ऐकवू नये. आपली कारकीर्द संपली असं सुचवताहेत की काय, असं त्याला वाटेल. त्या प्रसंगी तिथले लोक दारात उभे राहून विचारतात, आज कुठल्या वाऱ्यानं तुम्हाला इकडं आणलं?